‘स्टार ट्रेक’चा शर्ट हुबेहूब शिवायचा तर: कापड धुण्यापासून बिल्ल्यापर्यंत

अंतराळयानावर घडणारी मूळ ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी टीव्ही मालिका १९६६ ते १९६९ या काळात तीन सीझन चालली. तिच्यातला गणवेशाचा शर्ट दिसायला अगदी साधा आहे: एकच रंग, काळा गळा, डाव्या छातीवर बिल्ला, मनगटावर सोनेरी पट्टी. खिसा नाही, बटणं नाहीत, कॉलर नाही. त्यामुळे बहुतेकजण थेट कापडाच्या दुकानात जातात, पिवळं चकचकीत वेल्वेट घेतात, टी-शर्टवर माप टाकतात आणि शेवटी हाती येतो तो फॅन्सी ड्रेसचा शर्ट. साध्या कपड्यात चूक लपायला जागाच नसते. गळा अर्धा सेंटिमीटर उंच झाला किंवा बिल्ला दोन बोटं खाली गेला, तर मालिका पाहिलेल्या माणसाला ते लांबूनही कळतं.

चुका बहुतेक शिवणकामात होत नाहीत, क्रमात होतात. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच काम करा. स्वतः शिवणार असाल तर सगळे टप्पे तुमच्यासाठी आहेत. टेलरकडून शिवून घेणार असाल, तरी पहिले पाच टप्पे तुम्हालाच करावे लागतील. टेलरने मालिका पाहिलेली नसते, त्यामुळे ते काम त्याच्यावर सोडता येत नाही.

१. आधी ठरवा: नक्कल पडद्यावरच्या शर्टाची की अंगावरच्या?

हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवायचा, कारण मालिकेचा नायक कॅप्टन कर्क याच्या शर्टाबाबत या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं आहेत. पडद्यावर तो सोनेरी-मोहरी रंगाचा दिसतो. प्रत्यक्षात मात्र कापड हिरवट होतं, कच्च्या ॲव्होकॅडोच्या छटेचं. वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांनी निवडलेलं ते हिरवं वेलोर स्टुडिओच्या दिव्यांखाली आणि त्या काळच्या फिल्मवर सोनेरी उतरायचं. पुरावा मालिकेतच आहे. कर्क कधीकधी समोर एकावर एक येणारा, बाराबंदीसारख्या बांधणीचा हिरवा शर्ट घालतो. त्याचा समारंभाचा गणवेशही हिरवा दिसतो. त्यांचं कापड वेगळं होतं, म्हणून त्यांचा हिरवा रंग पडद्यावर टिकला.

मग घ्यायचं कोणतं? माझं मत स्पष्ट आहे. कॉमिक कॉनसारख्या चाहत्यांच्या मेळाव्यात घालायचा आणि लोक मोबाइलवर फोटो काढणार, तर सोनेरी-मोहरी घ्या. ‘कापड हिरवं घेऊ, फोटोत आपोआप सोनेरी होईल’ या भरवशावर कुणी राहू नये. मोबाइलचा कॅमेरा हिरव्याला हिरवंच दाखवतो. मूळ वस्तूची प्रतिकृती संग्रहात ठेवायची असेल, तर हिरवट छटा घ्या आणि पाहणाऱ्याला कारण सांगायची तयारी ठेवा. दोन्ही पर्याय अचूक आहेत. दोन्हींच्या मधला पोपटी-पिवळा मात्र कुठलाच नाही.

निळ्या (विज्ञान आणि वैद्यकीय) आणि लाल (अभियांत्रिकी, सुरक्षा, संपर्क) शर्टांत एवढा घोळ नाही. तुमचा हा पहिलाच प्रयत्न असेल तर स्पॉकचा किंवा डॉ. मॅकॉयचा निळा शर्ट घ्या. रंगाच्या वादात न अडकता सगळं लक्ष बेतण्यावर देता येतं.

दुसरा निर्णय सीझनचा. पहिल्या दोन सीझनमध्ये शर्ट वेलोरचे होते. चित्रीकरणामुळे ते सतत धुवावे लागत आणि दर धुण्याला आटत जात. म्हणून तिसऱ्या सीझनला नायलॉनचं डबल निट कापड आलं. वेलोरला मऊ लव असते, तिची सावली पडते. डबल निट सपाट असतं आणि अंगावर जास्त तुकतुकीत बसतं. दोन्हींचं मिश्रण करू नका.

सावध: मालिकेआधी चाचणीसाठी केलेल्या दोन (पायलट) भागांतला गणवेश वेगळा आहे. गळा वेगळा, पट्ट्या वेगळ्या, आणि लाल रंग तिथे नाहीच. इंटरनेटवरच्या फोटोंत हे सगळं एकत्र आलेलं असतं.

२. संदर्भाची वही तयार करा

एक पात्र, एक सीझन, शक्यतो एकच भाग निवडा. त्याच भागातून पंधरा-वीस चौकटी (फ्रेम) थांबवून साठवा: समोरून, पाठीमागून, दोन्ही बाजूंनी, हात वर केलेला, खुर्चीत बसलेला, मनगट जवळून. बसलेली चौकट फार उपयोगाची असते, कारण शर्ट मांडीवर कुठे येतो ते तिथे कळतं आणि त्यावरून लांबी ठरते.

संदर्भांना उतरंड असते. सगळ्यात वर त्या भागातली चौकट, मग मूळ कपड्याचे संग्रहालयातले किंवा लिलावाच्या यादीतले फोटो, मग चित्रीकरणाच्या वेळचे फोटो. सर्वात शेवटी दुसऱ्या चाहत्याने शिवलेली प्रतिकृती. तिच्यावरून प्रतिकृती केली की त्याची चूक तुमच्याकडे येते आणि तुमची पुढच्याकडे जाते. जाहिरातींचे स्टुडिओ-फोटोही जपून वापरा, त्यांत रंग बरेचदा भडक केलेले असतात.

रंगासाठी एकाच आवृत्तीवर विसंबू नका. २००६ पासून आलेल्या नव्याने सुधारलेल्या आवृत्तीत आणि जुन्या डीव्हीडीत एकाच दृश्याचा रंग वेगळा दिसतो. दोन्हींतली चौकट शेजारी ठेवा आणि कातडीचा रंग कुठे नैसर्गिक वाटतो ते पाहा. जिथे चेहरा बरोबर, तिथे कापडही बरोबरच्या जवळ असतं.

आता मापं. बिल्ला किती मोठा, पट्टी किती रुंद, गळा किती उंच हे डोळ्यांनी ठरवू नका, काढा. प्रौढ माणसाच्या दोन बुबुळांच्या मध्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. पात्र कॅमेऱ्याकडे सरळ पाहत असेल अशी चौकट घ्या आणि कोणत्याही चित्र-ॲपमध्ये ते अंतर पिक्सेलमध्ये मोजा. समजा ते ९० पिक्सेल भरलं, तर एक पिक्सेल म्हणजे ०.७ मिलिमीटर. बिल्ल्याची उंची ८० पिक्सेल असेल, तर तो ५६ मिलिमीटरचा झाला. तीन वेगळ्या चौकटींत मोजा आणि मधली किंमत घ्या. एकाच चौकटीवर विसंबलात तर मान किंचित वळलेली असते आणि सगळी मापं फुगतात.

तपासणी: वहीत पाठीची चौकट आहे का? काखेची? नसेल तर पुढे जाऊ नका. लोकांचं शिवणकाम अडतं ते बहुतेक वेळा याच दोन जागी.

३. कापड: दुकानात काय मागायचं

‘वेल्वेट दाखवा’ म्हणालात की संपलं. वेल्वेट मागावर विणलेलं असतं, ताणत नाही, आणि आपल्याकडे मिळणारं बहुतेक वेल्वेट चकाकतं. वेलोर हे होजिअरीचं, म्हणजे टी-शर्टसारखं ताणणारं कापड आहे, ज्याच्या एका बाजूला बारीक लव असते. मुंबईत मंगळदास मार्केट किंवा हिंदमाता, पुण्यात रविवार पेठ, अशा ठिकाणी होजिअरीची दुकानं शोधा आणि ‘ट्रॅकसूटचं वेलोर’ असं सांगा. ही ओळख दुकानदाराला पटकन कळते. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना कॉटन मिश्रित वेलोर सहज मिळतं. तिथे अडचण उलटी असते: ते फार जाड निघतं, घरगुती गाऊनचं.

दुकानातच तीन गोष्टी करून पाहा. दहा सेंटिमीटर कापड दोन बोटांत धरून आडवं ताणा. साधारण बारापर्यंत जावं आणि सोडल्यावर परत यावं. मग कापड दुकानाच्या ट्यूबलाइटपासून दूर, दारात नेऊन पाहा. त्यानंतर मूठभर कापड चुरगाळून सोडा. लव कायमची दबली तर ते कापड खुर्चीत बसल्यावर पाठीवर डाग दाखवेल.

तिसऱ्या सीझनसाठी पाँटे किंवा मध्यम वजनाचं डबल निट मागा. दुकानदार स्कूबा पुढे करील, ते नको. फार जाड आणि प्लास्टिकसारखं दिसतं. लायक्राही नको. ती अंगाला चिकटते आणि शर्टाची जी सरळ, थोडी लष्करी रेषा आहे ती मोडते.

किती घ्यायचं? ५८-६० इंच पन्ह्याचं असेल तर सव्वादोन मीटर घ्या. पावणेदोन मीटरमध्ये मध्यम बांध्याचा शर्ट निघतो, पण वेलोर एकाच दिशेने कापावं लागतं आणि धुण्यात आटतं. गळ्यासाठी काळी रिब (उभ्या रेघांचं, ताणणारं होजिअरी) पाव मीटर. सोबत बारा इंची कन्सील चेन, तयार शर्टाच्याच रंगाचा पॉलिस्टर दोरा आणि बॉलपॉइंट सुया घ्या, ११ किंवा १२ नंबरच्या. साध्या सुईने होजिअरीचे धागे तुटतात आणि शिवणीकाठी बारीक भोकं दिसू लागतात.

४. कापण्याआधी धुवा

ज्या कारणाने स्टुडिओला कापड बदलावं लागलं, तेच कारण तुमच्या कपाटातल्या शर्टालाही लागू आहे. तरीही हा टप्पा लोक सर्रास गाळतात.

कापडाच्या कोपऱ्यातून वीस गुणिले वीस सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि पुढे शर्ट जसा धुणार तसाच धुवा. वाळला की मोजा. एकोणीस भरला, तर कापड पाच टक्के आटलं. सत्तर सेंटिमीटर लांबीच्या शर्टात ते साडेतीन सेंटिमीटर होतात, म्हणजे कंबरेवरचा शर्ट पोटावर. उभं आणि आडवं वेगवेगळं मोजा, दोन्ही सारखं आटत नाही.

मग सगळं कापड दोनदा धुवा. काळी रिबही धुवा, ती स्वतंत्र धुवा. लाल आणि गडद निळं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. फडक्यावर रंग उतरला तर तिसऱ्यांदा धुवावं लागेल. वाळवताना दोरीवर मधोमध लटकवू नका. ओलं होजिअरी स्वतःच्या वजनाने लांबतं, आडवं पसरूनच वाळवा.

५. बेतणं आणि ट्रायल

शर्टाला रॅग्लन बाही आहे. मुंढ्यावर गोल शिवण येत नाही. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण जाते, पुढे एक आणि मागे एक, दोन्ही बाजूंना. म्हणजे एकूण चार तिरक्या शिवणी. नेहमीच्या टी-शर्टवरून बेतलात तर इथेच शर्ट चुकतो, मग रंग कितीही जुळो.

अंगाला नीट बसणारा रॅग्लन टी-शर्ट घरात असेल तर तो उसवून कागदावर उतरवा. नसेल तर रॅग्लनचा तयार कागदी पॅटर्न घ्या. मग वहीतल्या चौकटीशी ताडून फक्त तीन गोष्टी बदला: गळ्याची गोलाई, तिरक्या रेषेचा उतार आणि लांबी. छातीच्या मापात वेलोरला सहा ते आठ सेंटिमीटर सैलपणा ठेवा, डबल निटला चार-पाच पुरतो. हे शर्ट ढगळ नव्हते. मोठ्या मापाचा टी-शर्ट उतरवला की सगळा डौल जातो.

ट्रायल मांजरपाटात करू नका. ब्लाउजला ते ठीक आहे, पण मांजरपाट ताणत नाही. त्यात घट्ट वाटलं म्हणून तुम्ही पॅटर्न वाढवाल आणि वेलोरमध्ये शर्ट लोंबेल. तेवढ्याच ताणाचं स्वस्त होजिअरी घ्या, नाहीतर दोन जुने टी-शर्ट जोडा.

ट्रायल घालून आरशासमोर उभं राहा, हात डोक्यावर न्या, खुर्चीत बसा, खाली वाका. हात वर केल्यावर शर्ट थोडा वर जाईलच, पण हात खाली आल्यावर आपोआप जागेवर यायला हवा. येत नसेल तर काखेखालची शिवण फार खाली आहे. ती वर घ्या. लोक उलट करतात, आणखी सैल करतात, त्याने त्रास वाढतो.

बिल्ल्याची आणि पट्ट्यांची जागा याच वेळी, शर्ट अंगावर असताना ठरते. टेबलावर पसरलेल्या शर्टावर ठरवलेली जागा अंगावर सरकते. कागदाचा बिल्ला टाचणीने लावा, समोरून फोटो काढा आणि वहीतल्या चौकटीशेजारी ठेवा. पटला की ट्रायलच्या कापडावर खुणा करा आणि त्या कागदी पॅटर्नवर उतरवा.

टेलरकडे द्यायचा असेल तर हीच ट्रायल आणि चित्रासह लिहिलेली चिठ्ठी द्या. चांगला टेलर तुमच्या भल्यासाठी शर्ट ‘सुधारतो’: एखादा खिसा लावतो, बाजूला चीर ठेवतो, बाही दोन बोटं लांब करतो. म्हणून चिठ्ठीत जे हवंय त्याहून जे नकोय ते ठळक लिहा. ‘टेलरकाका, खिसा नको, चीर नको, कॉलर नको, मुंढा नको, जास्तीची एकही टीप वरून नको.’ वरून दिसणारी टीप या शर्टाला कुठेही नाही, हे दोनदा सांगा.

६. कापणं

वेलोरवर हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत लागेल, उलट दिशेने खरखरीत. लव वरच्या दिशेने ठेवली तर रंग गडद आणि खोल दिसतो, खालच्या दिशेने ठेवली तर फिका आणि किंचित चमकदार. कोणतीही दिशा घ्या, पण पुढचा भाग, मागचा भाग आणि दोन्ही बाह्या एकाच दिशेने कापा. एक बाही उलटी गेली तर ती दुसऱ्या रंगाची दिसते, आणि ते शिवल्यावरच लक्षात येतं.

कापड दुमडून दोन थरांत कापू नका. लव लवेवर सरकते आणि खालचा थर तिरका कापला जातो. एकेरी पसरा, लव खाली, उलट्या बाजूवर खडूने आखा. डाव्या-उजव्या बाहीसाठी पॅटर्न पालथा करायला विसरू नका, नाहीतर दोन डाव्या बाह्या हातात येतील. कापलं की कडांना लगेच इंटरलॉक मारून घ्या. वेलोर कडेने झडतं, आणि ती लव मशीनच्या बॉबिनमध्ये जाऊन बसते.

तपासणी: सगळे तुकडे जमिनीवर शर्टासारखे मांडा आणि चार पावलं मागे जाऊन पाहा. एकही तुकडा वेगळ्या छटेचा दिसला तर आत्ताच पुन्हा कापा.

७. शिलाई: तीन शिवणी, मग गळा, मग चेन

या शर्टाला बटणं नाहीत, मग तो घालायचा कसा? गळा मानेलगत बसणारा आहे, डोकं त्यातून जात नाही. म्हणून समोरच्या एका तिरक्या शिवणीत चेन लपवलेली असते. मी ती घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला लावते, उजव्या हाताने सहज ओढता येते. पाठीवर मधोमध चेन लावू नका. बाजारातले स्वस्त शर्ट तसे असतात, आणि पाठमोऱ्या फोटोत ती पहिली दिसते.

क्रम असा ठेवा. चारपैकी तीन तिरक्या शिवणी आधी शिवा. समोरची डावी उघडी ठेवा. मग काळा गळा लावा. मग चौथ्या शिवणीत चेन लावा, गळ्याच्या वरच्या कडेपासून खाली. चेन आधी लावली तर गळा तिच्यावर चढवावा लागतो, तिथे जाड गाठ येते आणि गळा एका बाजूला कलतो.

मशीनवर बारीक झिगझॅग टीप ठेवा, रुंदी एक मिलिमीटरपर्यंत, लांबी अडीच. सरळ टीप ताणल्यावर तुटते. मशीनच्या पायाचा कापडावरचा दाब कमी करता येत असेल तर कमी करा. नुसत्या टाचण्यांवर भरवसा ठेवू नका. वेलोर वेलोरवर चालत जातं, आणि शिवणीच्या शेवटी एक थर सेंटिमीटरभर पुढे निघालेला असतो. आधी हाताने कच्चा धावदोरा घाला, मगच मशीन.

आता गळा. तो काळ्या रंगाचा आहे, म्हणून आत काळी बनियन असावी असा अनेकांचा समज होतो. पण मालिकेत कर्कचा शर्ट फाटतो त्या दृश्यांत आत थेट छाती दिसते. म्हणजे काळा गळा शर्टालाच शिवलेला आहे. तो तसाच शिवा. बनियन घालून भागवलंत तर मान वळवताना काळी कड खालीवर होते. रिबची पट्टी शर्टाच्या गळ्याच्या घेरापेक्षा दहा ते पंधरा टक्के कमी कापा आणि लावताना फक्त रिब ताणा, शर्टाचं कापड नाही. दोन्ही ताणलं की गळा फुलासारखा उघडतो. उंची वहीतल्या मापाप्रमाणे ठेवा. पोलो नेक होऊ देऊ नका.

चेनच्या दोन्ही बाजूंना, आतल्या मायेवर, दीड सेंटिमीटर रुंदीची फ्यूजिंगची (इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराची) पट्टी चिकटवा. तिच्याविना होजिअरी चेनवर लाटांसारखं उठतं. वेलोरवर इस्त्री नेहमी उलट्या बाजूने, आणि खाली वेलोरचाच एक तुकडा लव वर करून ठेवा, म्हणजे लवेत लव मुरते आणि दबत नाही. वर गळ्याशी एक छोटा हुक लावा.

तपासणी: चेन बंद करा आणि हात लांब करून आरशात पाहा. डावी आणि उजवी तिरकी रेषा सारखी दिसली पाहिजे. डावी फुगीर दिसत असेल तर चेन उसवून पुन्हा लावा. पुढच्या टप्प्यांनंतर ते जमणार नाही.

८. पट्ट्या आणि बिल्ला, शर्ट सपाट असतानाच

बाजूच्या शिवणी अजून उघड्या आहेत, त्यामुळे बाही टेबलावर सपाट पडते. पट्ट्या लावायची वेळ हीच. बाही बंद झाल्यावर लावलेली पट्टी मनगटाखाली जोड दाखवते. आत्ता लावलीत तर तिची दोन्ही टोकं काखेखालून येणाऱ्या शिवणीत गडप होतात.

हुद्द्याप्रमाणे पट्ट्या अशा: कॅप्टनला दोन अखंड आणि त्यांच्या मधे एक तुटक. कमांडरला दोन अखंड. लेफ्टनंट कमांडरला एक अखंड, एक तुटक. लेफ्टनंटला एक अखंड. एन्साइनला काहीच नाही. म्हणजे कर्कला तीन ओळी, स्पॉकला दोन, मॅकॉय आणि स्कॉटीला दीड, सुलूला एक, आणि चेकॉव्हची बाही कोरी. चेकॉव्हला ‘शोभेल म्हणून’ पट्टी लावलेले शर्ट मी बरेच पाहिलेत. तो एन्साइन आहे, त्याला पट्टी नाही.

सोनेरी पट्टी लेसच्या दुकानात मिळते. मुंबईत भुलेश्वर, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी. साडीच्या काठाची चमचमती जर नको, मंद चकाकीची वेणी घ्या, वहीतल्या मापाच्या रुंदीची. कोकणपट्टीच्या दमट हवेत धातूची जर काळी पडते, तिथे राहत असाल तर पॉलिस्टरची घ्या. तुटक ओळीसाठी पट्टीचे छोटे सारखे तुकडे कापून प्रत्येकाच्या टोकांना कापडाच्या गोंदाचा बारीक थेंब लावा, वाळू द्या, मग सारख्या अंतराने हातशिलाईने लावा. नाहीतर पहिल्याच दिवशी टोकं सुटतात.

सावध: पट्टी ताणत नाही. पट्टीच्या जागी बाहीचा घेर तुमच्या मिटलेल्या मुठीपेक्षा कमी असेल तर हात बाहेर येणारच नाही. लावण्याआधी मूठ मोजा.

बिल्ला मालिकेत भरतकामाचा आहे. धातूचा किंवा प्लास्टिकचा लावू नका. संगणकावर भरतकाम करून देणारी दुकानं आता बहुतेक शहरांत आहेत. त्यांना वहीतून काढलेला आकार आणि मिलिमीटरमधलं माप द्या. आकार नीट पाहा: बाणासारख्या त्या बिल्ल्याचे दोन पाय सारखे नाहीत. तो सममित करून पाठवला तर चुकतोच, आणि फाइल उलटी झाली तर आरशातल्यासारखा येतो. म्हणून आधी एक नमुना काढायला सांगा, तो वहीतल्या चौकटीवर ठेवून पाहा, मग पक्का करा. आतली खूणही विभागाप्रमाणे बदलते. ताऱ्याची खूण कमांडची, म्हणजे सोनेरी शर्टाची. निळ्या शर्टावर तारा काढला तर सगळी मेहनत वाया जाते.

बिल्ल्यामागे शर्टाच्या उलट्या बाजूला हलकं फ्यूजिंग लावा, नाहीतर त्याच्या वजनाने कापड लोंबतं. मग जुळत्या दोऱ्याने हाताने, कडेच्या भरतकामात टाके लपवत शिवा. मशीनची टीप बिल्ल्याभोवती चौकट काढते.

९. बाजू बंद करा, तळ दुमडा

बाहीच्या टोकापासून काखेतून थेट शर्टाच्या तळापर्यंत एकच सलग शिवण घाला. पट्ट्यांची टोकं दोन्ही बाजूंनी एकमेकांसमोर आली पाहिजेत, तिथे आधी दोन टाके हाताने मारा. शर्ट एक रात्र हँगरवर टांगून ठेवा, होजिअरी थोडं उतरतं. दुसऱ्या दिवशी अंगावर घालून तळ आखा आणि तुरपाई करा. बाहीचं टोकही हातानेच. मशीनने दुमडलेला तळ ताणून नागमोडी होतो, आणि वरून टीप दिसते ती वेगळीच.

१०. पॅण्ट आणि बूट

यात वेळ घालवू नका, पण दुर्लक्षही करू नका. काळी पॅण्ट आखूड आहे. ती बुटांच्या वरच्या भागावर संपते आणि खाली थोडी रुंद होते. जीन्स किंवा ऑफिसची पॅण्ट घातली की शर्ट कितीही चांगला असो, रेषा बिघडते. साधी काळी न चुरगळणारी पॅण्ट टेलरकडून खालून आखूड आणि किंचित बेलबॉटम करून घ्या. बूट काळे, घोट्यापर्यंतचे, थोड्या टाचेचे, बाजूला चेनचे. लेसवाले नकोत.

११. शेवटची तपासणी: तीन प्रकाशांत फोटो

घालून दाखवण्याआधी तीन फोटो काढा: सकाळी खिडकीजवळ, घरातल्या पिवळ्या दिव्याखाली आणि पांढऱ्या एलईडीखाली. पिवळ्या दिव्यात मोहरी रंग केशरीकडे झुकतो, पांढऱ्या एलईडीत हिरवट. सभागृहात जाण्याआधी हे माहीत असलं की फोटो काढणाऱ्याला कुठे उभं करायचं ते ठरवता येतं. फोटो वहीतल्या चौकटीशेजारी ठेवून पुढील क्रमाने पाहा: गळ्याची उंची, तिरक्या रेषा, बिल्ला, पट्ट्या, लांबी. रंग सर्वात शेवटी पाहा. माणसाचा डोळा आधी रंगावर जातो आणि बाकीच्या चुका सुटतात.

वेलोर उकाड्यात फार तापतं. सभागृहात दिवसभर घालायचा असेल तर आत सुती बनियन घाला, पण गळ्यातून दिसणार नाही अशी, खोल गळ्याची. धुताना उलटा करून, थंड पाण्यात, हाताने. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा. घडी घालून ट्रंकेत ठेवला तर घडीच्या जागी लव कायमची बसते. रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती पिशवीत ठेवा. लव कुठे दबलीच तर इस्त्रीची वाफ एका वितीवरून सोडा आणि मऊ ब्रशने लवेच्या दिशेने उठवा. इस्त्री कापडाला टेकवू नका.